केरबा वस्तादाचं सांगणं

सांबरखिंडीतून गाडीरस्ता नव्हता, कोकणात उतरायचं तर माणसानं आपल्या पायांनीच उतरायचं, त्या काळातली ही गोष्ट. खिंडीच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याला गवशेत नावाचं गाव होतं. अजूनही आहे. त्या गावात केरबा नावाचा पाथरवट राहायचा.

केरबाला कुणी नव्हतं. पटकीच्या साथीत आई आणि बाप एकाच आठवड्यात गेले, तेव्हा तो दहा-बारा वर्षांचा होता. बापाची छिन्नी आणि हातोडा मागं राहिला. गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्यापलीकडं त्याचं खोपट होतं. तिथं बसून तो जाती घडवायचा, घडवलेलं जातं दोरानं पाठीला बांधायचा, खिंड ओलांडून कोकणातल्या बाजारात द्यायचा आणि मोकळ्या पाठीनं परत यायचा. पहिल्या वर्षी त्याला मसाल्याचा पाटासुद्धा पेलवत नव्हता. पुढच्या वर्षी पाटा पेलला. मग लहान जातं पेललं, मग मोठं. असं करत करत बाविशीला पोचला, तोवर तो दोन जाती एकदम पाठीवर घेऊन वाटेत कुठंही न टेकता खिंड चढायला लागला.

हे कसं कसं होत गेलं ते गावानं पाहिलं नाही. त्याच्याकडं कुणी पाहतच नव्हतं. जातं गुळगुळीत झालं, टाकी लावून हवी असली की बाया ओढ्याच्या अलीकडून हाक मारायच्या आणि काम झालं की निघून जायच्या. कधी कधी चार-चार दिवस त्याच्या तोंडून शब्द निघायचा नाही. तेव्हा तो दगडाशी बोलायचा आणि दगड त्याला उत्तर द्यायचा, असं म्हणतात. पण उत्तर मिळत असतं तर तो संध्याकाळी ओढ्याच्या काठावर येऊन, गावातल्या चुलींचा धूर बघत, अंधार पडेपर्यंत कशाला बसला असता?

एका श्रावणात तो बाजार करून एकटाच परत येत होता. पाऊस दोन दिवस झोडपून नुकताच उघडला होता. खिंडीच्या तोंडाशी, उन्हं कलायच्या वेळी, सात वाटमारे त्याच्यासमोर आले. त्यांनी त्या वर्षात बऱ्याच जणांना लुटलं होतं आणि एका कासाराचा जीवही घेतला होता.

केरबाच्या अंगात बळ होतं. पण त्या सात जणांच्या हातातल्या कुऱ्हाडी बघून तो भ्याला. त्यानं हातातलं गाठोडं फेकलं, वाट सोडली आणि उतारावरच्या करवंदीच्या जाळीत पोटावर सरपटत शिरला. पार आत, जिथं उजेड येत नाही तिथं जाऊन तो तोंड मातीत खुपसून पडला. बाहेर वाटमारे त्याला शोधत होते आणि हसत होते. एवढ्यात वरचा पावसानं भिजलेला कडा सुटला. धडधड आवाज झाला, मोठमोठे धोंडे खाली आले. दोघं जागेवर मेले आणि बाकीचे पाच वाट फुटेल तिकडं पळाले.

केरबा बराच वेळ तसाच पडून राहिला. मग बाहेर आला आणि रक्ताळलेल्या अंगानं गावात उतरला.

गावात शिरताना पहिलं घर चिमाक्काचं होतं. चिमाक्का चुरमुरे-फुटाण्यांची भट्टी चालवायची. नवरा नव्हता, पदरात एक मुलगा होता, मानकू, तेव्हा सात वर्षांचा. तिनं केरबाला हाताला धरून भट्टीच्या उजेडात बसवलं आणि सुईनं एकेक काटा काढला. काय झालं म्हणून तिनं विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिंडीकडं गेलेल्या गुराख्यांना धोंड्यांखाली दोन वाटमारे सापडले. जवळच केरबाचं गाठोडं पडलं होतं. गुराखी धावत आले आणि तासाभरात सगळं गाव ओढा ओलांडून केरबाच्या खोपटापुढं जमलं. आजवर कधी एवढी माणसं तिथं आली नव्हती.

"सात जणांची टोळी हाय म्हणं ती. तू एकट्यानं धोंडे लोटलेस व्हय?" पाटलांनी विचारलं.

केरबानं खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात पाटलांनी डोक्यावरचा फेटा काढून त्याच्या डोक्यावर ठेवला. कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बाप गेल्यापासून त्याच्या खांद्यावर कुणाचा हात पडला नव्हता. केरबानं उघडलेलं तोंड मिटलं.

तिथून पुढं तो बोलला नाही, गावच बोलत राहिलं. केरबानं हत्तीएवढा धोंडा दोन हातांवर उचलला असं म्हणतात. तो धोंडा फेकला तेव्हा कोकणातल्या विहिरींचं पाणी हललं असंही म्हणतात. तो बैठका मारायला लागला की शेजारच्या गावातल्या उतरंडी डुगडुगायच्या, त्याच्या दंडावर घाव घातला तर कुऱ्हाडीची धार बोथट व्हायची. एवढी ताकद आली कुठून, असा प्रश्न पडला तसा प्रत्येकानं उत्तरही शोधलं. कुणी म्हणालं, तो वाघिणीचं दूध प्यालाय. कुणी म्हणालं, खिंडीतल्या एका फकिरानं त्याला दोरा दिलाय. त्याच्या दंडाला काळा दोरा होता खरा. छिन्नी मारून मारून दंड दुखायचा म्हणून त्यानंच तो आवळून बांधला होता.

गावानं त्याला ओढ्यापलीकडून अलीकडं आणलं. गावातली तालीम म्हाताऱ्या वस्तादाच्या हाताखाली चालायची. त्यानं केरबाला दोन वर्षं डावपेच शिकवले आणि डोळे मिटताना तालीम त्याच्या हवाली केली. पाथरवट केरबाचा केरबा वस्ताद झाला. आता त्याच्या भोवती सकाळ-संध्याकाळ पोरं असायची. सणाला पाच घरची जेवणाची बोलावणी यायची. केरबा सगळीकडं जायचा, पोटभर जेवायचा आणि घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडायचा. कारण ती बोलावणी ज्याला यायची तो खिंडीत सात जणांना अडवणारा केरबा होता. जाळीत तोंड खुपसून पडलेल्या केरबाला अजून कुणी ओळखतसुद्धा नव्हतं.

तालमीतले गडी त्याच्यासारखं व्हायला बघत होते. मेहनत चालू असताना पाणी प्यालं तर ताकद पाण्याबरोबर वाहून जाते, असं कुणीतरी पसरवलं. मग गडी घसा कोरडा पडून चक्कर येईपर्यंत जोर मारायचे. घाम पुसला तर बळ पुसलं जातं म्हणून कुणी घाम पुसत नव्हतं. कुणी एका बैठकीला शेरभर तूप पिऊन आठवडाभर आजारी पडला. कुणी झोप सोडली. कुणी पहिल्याच दिवशी दोन माणसांना न उचलवणारा दगड उचलायला गेला आणि कमरेत वाकडा झाला तो कायमचा.

केरबा त्यांना सांगायचा की बाबांनो, पाणी प्या, पोटभर भाकरी खा, झोपा, आणि आज उचललं त्याहून जरासंच जास्त पुढच्या महिन्यात उचला. मी एवढंच केलं. पण ते त्याच्या दंडावरच्या दोऱ्याकडं बघायचे आणि एकमेकांना खूण करायचे. वस्ताद खरी गोष्ट लपवतो, आपली परीक्षा बघतो, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. आणि केरबा फार ताणून धरत नसे. पाण्याचं खरं सांगायला गेलो तर एक दिवस खिंडीचंही खरं सांगावं लागेल, ही भीती त्याच्या पोटात कायम असायची.

अशी तेरा वर्षं गेली. चिमाक्काचा मानकू वीस वर्षांचा झाला.

तालमीतला सगळ्यात चांगला गडी तोच होता. भट्टीवरची कढई हलवून त्याचे खांदे तयार झाले होते. पहाटे सगळ्यांच्या आधी येऊन तो कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती उकरायचा आणि संध्याकाळी सगळे गेल्यावर केरबाजवळ बसायचा. आईनं दिलेले फुटाणे दोघं एकाच फडक्यातून खायचे. केरबाला लग्न, मूलबाळ काही झालं नव्हतं. मानकू उठून गेला की तालीम त्याला फार मोठी वाटायची. एकदा फुटाणे खाता खाता केरबा म्हणाला, "मानकू, तुला खिंडीतलं एक सांगायचं हाय." मानकूनं असं तोंड वर केलं, त्याचे डोळे असे चमकले, की केरबाला पुढं बोलवेना. "पुन्हा कवातरी," असं म्हणून तो उठला.

त्या वर्षी मानकू पहिल्यांदाच चुरमुऱ्यांची पोती घेऊन आणखी चौघांबरोबर कोकणात निघाला. निघायच्या आदल्या दिवशी तो केरबाकडं आला आणि त्यानं दंडावरचा दोरा मागितला. कधी काही न मागणाऱ्या पोरानं एकच गोष्ट मागितली होती. केरबानं दोरा सोडला आणि त्याच्या दंडावर बांधला.

ते चिमाक्कानं बघितलं. ती दारात येऊन उभी राहिली.

"केरबा," ती म्हणाली, "ह्याला काय व्हायचं न्हाई ना?"

मानकू दोघांच्या मधे उभा होता. केरबा म्हणाला, "न्हाई अक्का."

तिसऱ्या दिवशी चौघं परत आले. खिंडीत सहा वाटमारे आडवे आले होते. चौघांनी पोती टाकली आणि पळाले. मानकूही पळू शकला असता, तो तर सगळ्यांत चपळ होता. पण तो वाटेच्या मधोमध उभा राहिला. "तुम्ही पळा," तो म्हणाला, "मला काय होत न्हाई."

गावानं त्याला घोंगडीत घालून खाली आणलं. त्याच्या दंडावरचा दोरा जागेवर होता.

तिसऱ्या दिवसाचं उरकलं आणि केरबा तालमीत उभा राहिला. त्यानं सगळ्यांना बोलावलं आणि तेरा वर्षं पोटात ठेवलेलं सगळं सांगितलं. मी कुणाला मारलं नाही. मी भ्यालो, पळालो, जाळीत लपलो. धोंडे पावसानं पाडले. दोरा माझा मीच बांधलेला. ऐकणारे खाली बघत होते. मग त्यातला एक जण पुढं झाला आणि त्याच्या पायाला हात लावून म्हणाला की वस्ताद, दुःखानं माणूस असं बोलतो.

कुणीही विश्वास ठेवला नाही. तो पाटलांकडं गेला. पाटलांनी दार लोटून घेतलं आणि त्याला समजावलं की केरबाच्या नावानं दहा गावं गवशेतला मान देतात, तेव्हा हे बाहेर बोलू नये. तो बाजारात उभा राहून बोलला. लोक म्हणाले, एवढा मोठा माणूस आणि अहंकार म्हणून नाही. जितकं तो सांगत गेला तितके लोक जास्तच वाकत गेले.

शेवटी तो चिमाक्काच्या भट्टीवर गेला. महिनाभर त्याला तिकडं पाऊल टाकायचं धैर्य झालं नव्हतं. ती तापलेल्या वाळूत चुरमुरे हलवत होती. त्यानं सगळं सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

कढई उतरवून झाल्यावर ती म्हणाली, "मला ठावं हाय."

"तुला कसं?" केरबानं विचारलं.

"तुझं काटं मीच काढलं न्हवं का? पाठीला एक न्हवता. सगळं पोटाला, कपाळाला. धोंडं लोटणाऱ्याच्या पोटात काटं कशानं जातील? मला त्याच दिवशी कळलं. म्हटलं, एवढ्यावर गड्याला चार माणसं मिळत्यात तर मिळू देत." तिनं भट्टीत लाकूड सारलं. "म्हणून तर दारात येऊन तुला इचारलं. मला वाटलं, माझ्या तोंडावर तू खरं सांगशील. तू न्हाई म्हणलास."

तिनं कढई पुन्हा भट्टीवर ठेवली.

"जा आता," ती म्हणाली. "माझ्या दाराला पुन्हा येऊ नगंस."

सगळ्या मुलखात केरबावर विश्वास ठेवणारं एकच माणूस होतं, आणि त्याच माणसाचं दार त्याला बंद झालं.

त्यानं तालीम सोडली. छिन्नी-हातोडा घेऊन तो सांबरखिंडीत राहायला गेला. मानकू पडला त्या जागेजवळ त्यानं दगडांचं खोपट रचलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो सांगू लागला. थांबा, माझं ऐका, वाटमारे आले तर ओझं टाका आणि पळा. मी पळालो म्हणून जगलो. माझी खोटी गोष्ट ऐकून थांबलेला एक जण इथं मेला. वाटसरू थांबायचे, हात जोडायचे, पाणी प्यायचे आणि पुढं जायचे. पावसाळ्यात वाट बंद व्हायची. तेव्हा तीन-तीन महिने धुक्याशिवाय त्याच्याकडं कुणी येत नसे. त्या दिवसांत तो आपली गोष्ट कड्याला सांगायचा आणि कडा ती जशीच्या तशी परत म्हणायचा, असं म्हणतात. धुकं दाट झालं की एक सांबर येऊन खोपटाच्या दाराशी बसायचं आणि त्याचं सगळं बोलणं ऐकून मगच उठायचं, असंही म्हणतात. खरं-खोटं त्या सांबरालाच ठाऊक. पण त्या तीन वर्षांत केरबाचे केस पांढरे झाले, हे सगळ्यांनी पाहिलं.

लोकांनी काय केलं? केरबा दगड घडवायचा तेव्हा उडालेल्या कपच्या ते वेचून न्यायला लागले. कपचीला भोक पाडायचं, काळ्या दोऱ्यात ओवायची, दंडाला बांधायची. खिंडीतल्या वस्तादाची कपची ज्याच्या दंडाला, त्याला घाव लागत नाही, असं म्हणू लागले. केरबा ओरडला, हातापाया पडला. मग त्यानं दगड घडवणंच सोडलं. तरी लोक खोपटाच्या आसपासचा साधा दगड फोडून न्यायचे.

तिसऱ्या वर्षी दिवाळी झाल्यावर तालमीतल्या नऊ गड्यांनी ठरवलं की खिंडीत जायचं, वाटमाऱ्यांना गाठायचं आणि मानकूचा बदला घ्यायचा. नऊ जणांनी नऊ कपच्या दंडाला बांधल्या. ते चिमाक्काच्या पाया पडायला भट्टीवर आले. तिनं त्यांच्या दंडांकडं बघितलं आणि त्यांना दोन दिवस थांबायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला ती खिंडीकडं निघाली. मुलगा गेल्यापासून ती तिकडं गेली नव्हती. ऊन डोक्यावर आलं तेव्हा ती केरबाच्या खोपटापाशी पोचली. केरबा उभा राहिला. तिनं आधी मानकूच्या जागेकडं बघितलं, बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "चल खाली."

दोघं खिंड उतरू लागली. ती पुढं, तो दहा पावलं मागं.

गवशेतच्या तालमीत बाईनं पाऊल टाकायचं नाही अशी रीत होती. चिमाक्का सरळ आत गेली आणि हौद्याच्या तांबड्या मातीत उभी राहिली. कुणी तिला अडवलं नाही. नऊ गडी आणि अर्धं गाव तिथं होतं. तिनं केरबाला शेजारी उभं केलं आणि सांग म्हणाली. केरबानं सांगितलं. ऐकणाऱ्यांच्या तोंडावर नेहमीचंच हसू आलं, मोठ्या माणसाची नम्रता बघून येतं तसं.

मग चिमाक्का बोलली. "ह्यो तीन वर्सं तुम्हाला सांगतोय. तुम्ही ऐकलं न्हाईसा. आता माझं ऐका. ह्याच्या पोटातलं काटं मी काढल्यात. ह्यो लपला हुता. आणि मानकूच्या दंडाला ह्याचाच दोरा हुता. मी माझ्या पोराला शेवटची आंघोळ घातली तवा बी त्यो तुटला न्हवता."

ती एवढंच बोलली. कुणाच्या तोंडावर हसू उरलं नाही. आई आपल्या मेलेल्या मुलाबद्दल खोटं सांगत नाही, हे तिथल्या सगळ्यांना कळत होतं. नऊ गड्यांतला एक जण खाली बसला आणि दातांनी दोऱ्याची गाठ सोडायला लागला. मग दुसरा. नऊ कपच्या मातीत पडल्या.

केरबाला तेव्हा काय वाटलं असेल? सोळा वर्षांत पहिल्यांदा लोक त्याच्याकडं बघत होते आणि त्यांना खरा केरबा दिसत होता. कुणी पायाला हात लावला नाही. कुणी खांद्यावर हात ठेवला नाही. बरेच जण उठून निघून गेले. पाटलांनी पुढं त्याचा नमस्कार घेतला नाही. पण ते नऊ जण बसून राहिले. त्यातला थोरला म्हणाला, "वस्ताद, मग आता खरं शिकवा."

केरबानं शिकवलं. हौद्याच्या कडेला पाणी भरलेली घागर ठेवली आणि दर शंभर जोरांनंतर प्रत्येकानं प्यायचं ठरवलं. लहान-मोठे एकवीस दगड घडवून ओळीनं मांडले. पहिला नारळाएवढा, शेवटचा मोठ्या जात्याएवढा. महिनाभर उचलल्याशिवाय पुढच्या दगडाला हात लावायचा नाही. आणि कुस्तीच्या आधी त्यानं पळायला शिकवलं. पाठीवरचं ओझं एका झटक्यात कसं सोडायचं, उतारावरून पाय न मुरगळता कसं धावायचं, एकट्यानं न थांबता सगळ्यांनी एकदम ओरडत कसं सुटायचं. बाजाराला जाणाऱ्या बायांना त्यानं ओढ्याच्या काठावर मनगट सोडवायला शिकवलं. धरणाऱ्याच्या बोटांवर जोर काढायचा नाही, त्याच्या अंगठ्याकडं हात फिरवायचा आणि हिसका द्यायचा. त्याला बळ लागत नाही, सवय लागते. म्हाताऱ्यासुद्धा शिकल्या.

पुढच्या वर्षी खिंडीत पुन्हा वाटमारे आले. गवशेतची अकरा माणसं त्या दिवशी वाटेवर होती, त्यात तीन बाया. एकीचं मनगट धरलं गेलं, तिनं ते सोडवलं. अकराही जणांनी ओझी टाकली आणि उतारावरून अशी धावली की वाटमाऱ्यांना त्यांची धूळ दिसली, माणसं दिसली नाहीत, असं म्हणतात. संध्याकाळी तालमीपुढं केरबानं प्रत्येकाला हात लावून मोजलं. अकरा गेली होती, अकरा आली. त्यानं पुन्हा एकदा मोजलं. मग तो आत जाऊन एकटाच मातीत बसला.

गावभर आनंद चालला होता, पण त्याला बोलवायला कुणी आलं नाही. पळालेल्या माणसाला पंगतीत मानानं बसवायचं कसं, ते गावाला अजून समजत नव्हतं.

चिमाक्कानं त्याला क्षमा केली का? लोक विचारतात. तिनं तसं कधी म्हटलं नाही. तिचं दार त्याला बंदच राहिलं. पण तालमीत नवा गडी यायचा असला की ती येऊन हौद्याच्या कडेला बसायची. केरबा त्या गड्याला जाळीची गोष्ट सांगायचा. सांगताना एखादं वाक्य जरी इकडचं तिकडं झालं तरी ती मान वर करायची, आणि केरबा मागं जाऊन ते नीट सांगायचा. गोष्ट संपली की ती उठून जायची. अशी वीस-बावीस वर्षं ती आली. त्याच्याशी बोलली नाही, पण एकदाही चुकली नाही. ज्या वर्षी ती वारली त्या वर्षी केरबा तिच्या तिरडीच्या मागं, दहा पावलं अंतर ठेवून, चालत गेला.

त्यानंतर तो फार राहिला नाही. एका सकाळी तो खिंडीकडं चालत गेला आणि माघारी आला नाही. सांबर त्याला घेऊन गेलं असं म्हणतात. काही जण म्हणतात, कड्यानं त्याला पोटात घेतलं, कारण एवढी वर्षं त्याचं ऐकून घेणारा तोच होता.

आता खिंडीतून डांबरी रस्ता गेलाय आणि वाटमारे कुणाला माहीतही नाहीत. गवशेतची तालीम मात्र चालू आहे. तिथं नवा गडी घालायचा असेल त्या दिवशी त्याच्या आईला बोलावणं जातं. आई नसेल तर मावशी येते, आत्या येते, थोरली बहीण येते. ती हौद्याच्या कडेला बसते. मुलाच्या अंगाला माती लागायच्या आधी वस्ताद त्या दोघांपुढं उभा राहतो आणि आपण कधी भ्यालो, कुठं पळालो, कुठं लपलो ते सांगतो. एका वस्तादानं उधळलेल्या बैलाला पाठ दाखवल्याचं सांगितलं. एकानं पुरात भावाचा हात सोडल्याचं सांगितलं. तो तीस वर्षं तीच गोष्ट सांगत होता. बाई सगळं ऐकून घेते. हवं ते विचारते. मग मुलाला मातीत उतरवायचं की घरी न्यायचं, ते ती ठरवते.

याला गवशेतात केरबाचं सांगणं म्हणतात. ज्याच्याजवळ सांगायला अशी गोष्ट नाही, तो कितीही ताकदीचा असला, त्यानं कितीही मैदानं मारली असली, तरी त्या तालमीत त्याला वस्ताद करत नाहीत.